जांभळा डाग कितव्या दिवसाचा

देवनहळ्ळी
९ जून २०२४

अक्का,

फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. तू माझा नंबर बंद केलास, तुझ्या नवऱ्याचाही लागत नाही, म्हणून कागद. मी नववी नापास माणूस. शेवटचं पत्र शाळेत लिहिलं होतं, मामाला, 'मी इकडे कुशल आहे' वालं. तेव्हाही कुशल नव्हतो.

इकडं मी घरं पाडायच्या कामावर आहे. विमानतळाच्या अलीकडं जुनी कौलारू घरं, गोठे, द्राक्षांचे मांडव सगळं सपाट करून प्लॉट पाडायला लागलेत. जेसीबी जिथं शिरत नाही तिथं आम्ही सहा जण घण घेऊन शिरतो. भिंत मधोमध मारायची नसते. कोपऱ्यात मारायची, खालून तिसऱ्या थरात, मग ती आपल्या मापानं पलीकडं पडते. मधोमध मारली तर अंगावर येते. इथं एक पिवळं कुत्रं आहे, भिंत हलायच्या आधी भुंकतं, कुणी शिकवलेलं नाही. मुकादम म्हणतो त्यालाच हजेरीवर घेऊ आणि परसूला काढू. असो, कुत्र्याचं नंतर.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

२५ मेला दुपारी दुसऱ्या पाळीच्या वेळी मी बोम्मसंद्र्याला कारखान्याच्या गेटवर उभा होतो. तुझा नवरा डबा घेऊन आला. मला बघून हसला. "परसू, जेवलास काय?" म्हणाला. ते हसणं मला सोसलं नाही. मी त्याच्या तोंडावर डोकं मारलं. त्याचा दात माझ्या कपाळात रुतला, खूण अजून आहे. तो खाली बसला तसा गुडघा मारला. डबा उघडला, वांग्याची भाजी रस्त्यावर गेली आणि तो त्या भाजीकडं बघत राहिला. मार कुठून येतोय तिकडं बघेना.

एकदाही हात उगारला नाही त्यानं. दोन्ही हात पोटाच्या उजव्या बाजूला दाबून वळवळत राहिला. म्हटलं, नाटकी. शर्ट वर गेला तेव्हा डाव्या कुशीत लांब आडवा व्रण दिसला. मला वाटलं ह्याला माझ्या आधी कुणीतरी फाडलाय, म्हणजे हा मार खायच्याच लायकीचा. मग तिथंच लाथा घातल्या, त्या व्रणावर, बुटानं. बरगडी मोडताना कौल पायाखाली आल्यासारखा आवाज येतो. गेटवरच्या वॉचमननं, देवाप्पानं, माझ्या मानेत काठी अडकवून मला मागं ओढलं. "साकु, बिडो! मरेल तो, सोड!" तोंडात माती, तोंडात रक्त, त्याचं की माझं काय की. मी पळालो.

का मारलं ते तुला माहीत आहे. तुझ्या नडग्यांसाठी.

निपाणीच्या खोलीत आपण आईची पाठ वाचायचो ते विसरलीस काय? बाबा वखारीतनं तंबाखूचा वास घेऊन यायचे, पट्टा काढायचे, दार लावायचे. सकाळी आई शेजारणीला सांगायची, "पडले." ती अंघोळ करून लुगडं बदलताना तू मला कोपरानं ढोसायचीस, "परसू, कितवा?" मी सांगायचो. लाल पहिल्या दिवसाचा. जांभळा तिसऱ्या. सहाव्याला कडेनं हिरवा. दहाव्याला पिवळा, हळद लावल्यासारखा. मला पाढे आले नाहीत, हे आलं. कधी चुकलो नाही.

मे महिन्यात मी तुझ्याकडं वीस दिवस होतो. तू दिवसभर मोजे घालून. मे महिन्यात मोजे! फरशी पुसायला काढलेस तेव्हा डाव्या नडगीवर तीन डाग, रुपयाएवढे, जांभळे. "काय हे?" विचारलं तर म्हणालीस, "पडले रे, मोरीत." आईच्या आवाजात म्हणालीस. मी रोज बघत राहिलो. सहाव्या दिवशी हिरवा यायला पाहिजे होता. आला नाही. दहाव्या दिवशीही जांभळेच, शिवाय घोट्याशी दोन नवे. मग मी काय समजायचं? रोज, त्याच जागी, ताजा मार. मी विचारलंही तुला, "मारतो काय?" तू पिशवीतल्या गोळ्या निवडत बसलीस. नाही म्हणायला एक श्वास लागतो, अक्का. तू तेवढाही घेतला नाहीस.

मी चुकलेलो नाही.

परसू


देवनहळ्ळी
१७ जून

अक्का,

देवाप्पाचा फोन आला. आधी पाच मिनिटं कन्नडमधून आईबहिणीवरून शिव्या, मग मराठीतून त्याच परत. मग म्हणाला, "अरे जनावरा, त्याला एकच आहे रे. दुसरी किडनी तुझ्या अक्काच्या पोटात आहे. ऑपरेशनला रक्त आम्ही पाळीतल्या नऊ जणांनी दिलंय."

मी म्हटलं, खोटं.

"कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुलाच कसं नाही? तू भाऊ की कोण?"

तू मला सांगितलं होतंस, यादीतनं मिळाली, अपघातात गेलेल्या कुणाची तरी. मी जास्त खोदलं नाही. खोदलं असतं तर 'तू कुठं होतास' हे वर आलं असतं.

देवाप्पानं आणखी सांगितलं. दवाखान्यात पोलीस आला, कुणी मारलं म्हणून विचारलं, तर तुझा नवरा फुटक्या तोंडानं म्हणाला, "गाडीवरून पडलो." दोन बरगड्या, एक मनगट, एक दात. गाडीवरून.

फोन ठेवला आणि मला तो व्रण दिसायला लागला. तो उजवी बाजू का दाबून धरत होता ते आता कळतंय. राहिलेली उजवीकडं आहे ना? मी डावीकडं मारलं. जिथनं त्यानं तुला काढून दिली त्या रिकाम्या जागेवर मारलं, म्हणून तो जिवंत आहे. माझा पाय एक वीत सरकला असता तर मी आज ह्या कागदावर नसतो आणि तू विधवा असतीस. हे मी दिवसातनं किती वेळा करतो सांगू? डोळे मिटले की पाय उचलतो, वीतभर सरकवतो.

दुसऱ्या दिवशी कामावर मी भिंत मधोमध मारली. मुकादम ओरडला, "काय करालास, आंधळ्या!" मी परत मारली. मला वाटतं मला ती अंगावर यायलाच हवी होती. माझ्या अंगावर आली नाही. कुत्रं भुंकलं, मला ढकलल्यासारखं पायात आलं आणि त्याच्यावर आली. विटा काढल्या तर मागचा भाग पापडासारखा, तोंड मात्र तसंच, डोळे उघडे, अजून श्वास. मुकादम म्हणाला, "तू केलंस, तूच संपव." घणानंच संपवलं. एका घावात झालं नाही. तुला हे का सांगतोय? दुसरं कुणी नाही म्हणून.

पण अक्का, एक सांग. जो माणूस स्वतःचं मांस कापून देतो तो नडगीवर मारणार नाही. मग ते डाग कुणाचे?

परसू


देवनहळ्ळी
२४ जून

अक्का,

तुला हे माहीत नसणार, म्हणून लिहितो. काल रविवारी तुझा नवरा, म्हणजे दाजी, इथं आले होते. तुला कुठं जातो म्हणून सांगितलं असेल देव जाणे. बोम्मसंद्र्याहून देवनहळ्ळी, शहराच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला, तीन बस बदलून, बरगड्यांना पट्टा आवळलेला, डाव्या मनगटाला प्लास्टर. मी विटा रचत होतो. फाटकात उभे राहून म्हणाले, "परसू, घण खाली ठेव."

ठेवला.

त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली. उजव्या हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं. मशीनवर बसायच्या आधी काढतात तसं, घाई नाही. मग जवळ आले आणि डाव्या डोळ्याखाली एकच ठोसा घातला. हातभर लांबून नाही, खांद्यातनं. मी मागं विटांवर जाऊन पडलो, डोक्यात घंटा. ते स्वतःही बरगडी धरून वाकले, 'आई गं' म्हणाले. टोळीतले पाच जण घण उचलून धावत आले. मीच ओरडलो, "कुणी हात लावायचा नाही!"

दाजी म्हणाले, "हा डब्याचा. वांगं होतं त्यात. तिला उभं राहवत नव्हतं त्या दिवशी, तरी केलं होतं."

मी म्हटलं, "अजून घाला."

"नको. मला दुखतंय."

मग आम्ही किल्ल्याच्या रस्त्याला इडली खायला गेलो. ते एका बाजूनं चावत होते, माझा डोळा मिटत आलेला. हॉटेलवाला स्वल्प लांबच उभा राहिला, पाणीसुद्धा लांबनं सरकवलं. तिथं दाजींनी सगळं सांगितलं.

तुमच्याकडची ती तरुण डॉक्टरीण दाजींचा ओठ शिवत होती, तू शेजारी उभी, धावपळीत मोजे राहिलेले. तिनं तुझे पाय बघितले आणि तुला पडद्यामागं नेऊन विचारलं, तुम्हालाही मारलं काय? म्हणजे तीही फसली, माझ्यासारखी. पण तिनं पुढं एक केलं जे मी केलं नाही. बोटानं दाबून बघितलं. दुखत नाही. रंग हटत नाही. हाताला उंचवटा लागतो. मग तोंड उघडायला लावलं, टाळ्यावर पण एक. मग विचारलं, कसल्या गोळ्या चालू आहेत? तुकडा काढून तपासायला गेला आणि नाव आलं. कपोसी सार्कोमा. दाजींनी ते कागदावर लिहून आणलं होतं, मला वाचायला दिलं. रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ. दुसऱ्याचा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेणाऱ्यांत एखाद्यालाच होते.

मला कळेना तसं त्यांनी कळेल असं सांगितलं. "देवाप्पाला दारू पाजून गेटवर झोपवलंय असं समज. तो झोपलाय म्हणून मी आत बसू शकलो, म्हणजे माझी किडनी. नाहीतर परका म्हणून त्यानं मला कधीच हाकललं असतं. पण तो झोपलाय म्हणून हेही आत शिरलं."

"मग उठवा त्याला."

"उठवालेत. दोन गोळ्या बंद केल्या, एक बदलली. उठला तर तो ह्याला मारेल. मग वळून मलाही मारेल. कदाचित मारेल, कदाचित नाही. डॉक्टर म्हणाले, रोज बघत राहायचं."

नंतर ते इडलीचा तुकडा चटणीत फिरवत बसले. मग म्हणाले, "तिचा रक्तगट ओ. माझा बी. जुळत नसताना बसवायची म्हणजे आधी तिचं रक्त गाळायचं आणि गोळ्या-इंजेक्शनं वाढवायची. त्याच्यामुळंच हे झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. जुळणाऱ्यालाही होतं म्हणतात." तुकडा तसाच ठेवला. "तुझा ओ होता ना, परसू?"

ठोसा लागला नाही इतकं ते लागलं.

तर आता ते लिहितो जे आपण दोघांनी दोन वर्षं बोललं नाही.

त्या दिवशी दवाखान्यात, माझी किडनी तुला द्यायच्या सह्यांच्या आधी, मला आत बोलावलं. टेबलापलीकडं तीन माणसं, समोर कॅमेरा. चष्मेवाल्यानं विचारलं, "तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का?" अक्का, मला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी पट्टा काढताना विचारलं नाही, शाळेनं काढताना विचारलं नाही. मी "नाही" म्हणालो. खरंच नव्हती. बाहेर आलो, तू बाकावर बसली होतीस, तोंड सुजलेलं, हाताची ती डायलिसिसची शीर दोरखंडासारखी फुगलेली. मी म्हटलं, "चहा आणतो." तू म्हणालीस, "अर्धाच आण, मला पाणी मोजून आहे." रस्त्यावर कांद्याचा टेम्पो उभा होता, सेलमला जाणारा. मी त्यात बसलो.

सुरीला भ्यालो नाही. सुरीला मी कधीच भीत नाही. भ्यालो ते पुढचं. माझ्यातलं काही एका जागी तुझ्यात राहिलं की मला कुठं जाता येणार नाही, नेहमी मागं वळून बघायचं, आज तिला ताप आहे काय, आज लघवी झाली काय. बॅग उशाला घेऊन झोपणारा माणूस मी. एवढंच कारण. ह्याच्यापेक्षा चांगलं शोधलं, सापडलं नाही.

आणि गेटवर का इतकं मारलं तेही लिहून टाकतो. तुझा नवरा वाईट निघायला मला हवा होता. तो वाईट निघाला तर मी बरा ठरलो असतो. डाग दिसले तेव्हा माझं डोकं फिरलं हे खरं, पण आत कुठंतरी मला बरं वाटलं. हे वाचून तू थुंकलीस तरी चालेल.

पण तूही अक्का. रंग तुलाही वाचता येतात, मला तूच शिकवलंस. सहाव्या दिवशी हिरवा झाला नाही तेव्हा तुला कळलं होतं हा मार नव्हे. दाजी म्हणाले, जानेवारीपासून मोजे घालत होतीस. दाखवलं तर गोळ्या कमी करतील, त्यांनी दिलेलं जाईल, म्हणून. मला 'मारत नाही' म्हणाली असतीस तर मी पुढं विचारलं असतं, मग हे काय? त्यापेक्षा गप्प बसून तू त्यांना माझ्या तोंडी दिलंस. दाजींच्या दोन बरगड्यांतली एक तुझ्या मोज्यांवर आहे. हे मी त्यांना बोललो नाही. तुला बोलतो.

निघताना दाजी म्हणाले, "ही किडनी गेली तर परत डायलिसिस. आणि नवीन बसवायची म्हटलं तर आधी हे डाग पूर्ण जाऊन निदान दोन वर्षं थांबावं लागेल. तू दोन महिने एका गावात राहत नाहीस."

  बस आली, ते कण्हत चढले.

परसू


देवनहळ्ळी
२ जुलै

अक्का,

देवाप्पाच्या मेहुण्याची गाडी विमानतळाला असते, त्यानं तुझी चिठ्ठी आणून दिली. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याचा तुकडा. एकच शब्द. 'कितवा?'

म्हणजे दाजींनी घरी जाऊन सांगितलंच.

मी मुकादमाच्या मोटारसायकलच्या आरशात बघितलं. दहावा, अक्का. पिवळा. कडेनं हिरवटपणा अजून आहे, डोळ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका. बरोबर वेळेवर चाललाय. मार असाच असतो.

मुकादमाला वाटलं मी रडतोय. मी म्हटलं, धूळ. तो म्हणाला, धूळ एकाच डोळ्यात जाते काय रे? मग भांडण झालं, मी त्याच्या छातीवर फावडं टेकवलं. मारलं नाही. टेकवून परत घेतलं. पूर्वी घेतलं नसतं, एवढं लिहून ठेवतो.

ह्याच गाडीतनं बॅग पाठवतोय. तीच काळी, चेन तुटलेली. आत दोन शर्ट, एक चादर, आधारकार्ड, त्या वेळच्या माझ्या रक्ताच्या तपासणीचे कागद. फेकले नव्हते, का ते विचारू नकोस. कॉटखाली ठेव. बॅगेशिवाय मी कधी कुठं गेलेलो नाही, तुला माहीत आहे.

तुझा रंग कळव. दाबून बघून कळव.

परसू


देवनहळ्ळी
१२ ऑक्टोबर

अक्का,

काल इथं आयुधपूजा झाली. सहा घण धुऊन भिंतीला उभे केले, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मुकादमानं माझ्या घणापुढं मला बसवलं. म्हणाला, ह्यानं काय काय मारलंय ते मनात म्हण आणि हात जोड. मी कुत्रं म्हणालो. दाजींना घणानं मारलं नव्हतं, पण त्यांचंही नाव घेतलं. मग कोहळा कापून आत कुंकू भरलं आणि रस्त्यावर आपटला. इथं सगळेच आपटतात, कारखानेवाले, रिक्षावाले, सगळा रस्ता लालेलाल, मेंदू सांडल्यासारखा. त्याच्यावरनं एक स्कूटरवाला घसरून पडला, तो उठून आम्हाला मारायला आला, आम्ही त्याला बुंदी दिली. सरी, सरी, म्हणजे ठीक ठीक, म्हणत खात गेला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नडगीवरचे डाग चपटे झालेत, कडेनं तपकिरी, बोट फिरवलं तर लागत नाहीत. टाळ्यावरचा गेला. हे तू पहिल्या ओळीत लिहिलंस. आणि क्रिएटिनिन, तो किडनीचा आकडा, दीडचा अडीच झाला, सातव्या महिन्यातल्या बाईसारखे पाय सुजतात, हे शेवटच्या ओळीत, दाजींच्या नोकरीच्या खाली, भाड्याच्या खाली. अजून मोजे घालायची सवय गेली नाही तुझी.

म्हणजे दाजींच्या गोष्टीतला देवाप्पा उठलाय. चोराला मारतोय, आणि दाजींकडंही वळलाय.

दाजींना सांग, त्यांनी दिलेलं वाया गेलं असं म्हणायचं नाही. दोन वर्षं तुला पाणी मोजावं लागलं नाही. आणि तुझ्याकडं माझं एक मागणं आहे. डायलिसिसला बसायची वेळ आली तर पहिल्या दिवशी बाकावर मला बसू दे. चहा दाजी आणतील. मी उठणार नाही.

डॉक्टरांनी डाग गेल्यापासनं दोन वर्षं म्हटलंय, तर त्यांना सांग मोजायला लागा. मग ते परत मला आत बोलावतील, कॅमेरा लावतील, जबरदस्ती आहे काय म्हणून विचारतील. ह्या खेपेला हो म्हणणार. बहिणीचा नवरा तीन बस बदलून मारायला आला होता म्हणणार. खूण दाखवायला राहिली नाही, बाराव्या दिवशीच गेली. पण मी तेव्हापासनंच मोजत आलोय. एकाच गावात, एकाच पत्र्याखाली, उशाला काही न घेता.

कितवा म्हणून विचारशील, तर आज एकशे बारावा.

परसू